हातचा धरून

आमच्या नानांच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या रकान्याला ‘नफा’ हे नाव त्यांनी कधी दिले नाही. अप्पा बळवंत चौकातून आणलेली लांबट वही, तिच्यात पट्टी धरून आखलेले सात रकाने, आणि उजव्या टोकाच्या रकान्यावर बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलेला असे : ‘हाती’. नाना पिंपरीच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते आणि शनिवारी अर्धा दिवस भरला की घरी येण्याआधी कुमठेकर रस्त्याकडे, त्यांच्या दलालाच्या पेढीवर, वळत असत. पुणे शेअर बाजार १९८२ साली स्थापन झाला होता आणि सदाशिव पेठेत, शिवलीला चेंबर्समध्ये, त्याचे बस्तान होते, हे आता मुद्दाम सांगावे लागते, कारण २०१५ मध्ये सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाच्या, आदेशाने तो रीतसर आटोपला आणि त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आज त्याची आठवण असेल.

त्या काळी शेअर म्हणजे कागद होता. तो घेतला की ट्रान्सफर डीड भरायचे, त्यावर शेअर ट्रान्सफरची तिकिटे चिकटवायची, विकणाऱ्याची सही जुळेल की नाही याचा घोर लावून घ्यायचा आणि सगळे बाड रजिस्टर्ड पोस्टाने कंपनीकडे धाडायचे. नाना तिकिटांचे पैसे लिहीत, पोस्टाचे लिहीत, दलालाकडे जाण्यायेण्याचे बसभाडेसुद्धा लिहीत. मी सातवी-आठवीत असताना ती बेरीज पडताळण्याचे काम माझ्याकडे असे, आणि उत्तर चुकले की वही माझ्याकडे परत सरकवून ते एवढेच म्हणत, “हातचा विसरलीस.”

पुढे मी भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात सत्तावीस वर्षे काढली. तिथे पुरवठादाराने दिलेल्या दराला कोणी किंमत म्हणत नाही. वाहतूक, पॅकिंग, विमा, कर, आणि २०१३ पर्यंत पुणे-पिंपरीच्या नाक्यावर भरलेली जकात, हे सगळे धरून माल आपल्या दारात येऊन पडतो तेव्हा जो आकडा निघतो तो खरा. त्याला आम्ही लँडेड कॉस्ट म्हणत असू. नव्या मुलाने नुसत्या दरांची तुलना करून तक्ता पुढे ठेवला, तर मी तो न वाचता परत करीत असे. हे एवढ्या विस्ताराने लिहिते आहे, कारण स्वतःच्या शेअरच्या बाबतीत मी कित्येक वर्षे नेमकी त्या नव्या मुलासारखी वागत होते.

२०२४ च्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, मी एका औषध कंपनीचे १०० शेअर ४८२ रुपयांनी घेतले आणि मार्चमध्ये ४९७ ला विकले. फोनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरात १,५०० उमटले. त्या संध्याकाळी आईला सांगितले, तेव्हा वयाची ऐंशी ओलांडलेल्या आईने सवयीने विचारले, “हाती किती आले?” मी म्हटले, पंधराशे. त्या आनंदात आम्ही दोघी टिळक रस्त्यावर थाळी जेवून आलो. बिल ६४० रुपये झाले, आणि पंधराशेतून सहाशे चाळीस म्हणजे काही फार नाही, असे मला रिक्षात बसताना वाटल्याचेही आठवते.

नफा हा शब्द आपण किती सैल वापरतो ते दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दलालाने पाठवलेला व्यवहाराचा तपशीलवार हिशेब, उघडल्यावर कळले. ही नोट दलालाने व्यवहारानंतर २४ तासांच्या आत पाठवायचीच असते. ती ईमेलने येते, बहुधा पॅन क्रमांक टाकल्याखेरीज उघडत नाही, आणि त्यामुळे माझ्यासारख्या असंख्य जणांच्या पेटीत शेकड्यांनी न उघडलेल्या पडून असतात. मी नोव्हेंबरची आणि मार्चची अशा दोन्ही नोटा छापून घेतल्या, नानांची एक जुनी अर्धी कोरी वही काढली आणि पट्टी घेऊन बसले.

खरेदी ४८,२०० रुपयांची, विक्री ४९,७०० रुपयांची. माझा दलाल जुन्या पद्धतीचा आहे, फोन उचलतो, नावाने हाक मारतो, आणि दोन्ही बाजूंना ०.३० टक्के दलाली घेतो. ती झाली २९३ रुपये ७० पैसे. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी, डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर आपल्या खात्यात घेऊन ठेवण्याच्या, व्यवहारात घेताना ०.१ टक्का आणि विकतानाही ०.१ टक्का, पूर्ण रुपयात करून ४८ आणि ५०, मिळून ९८. मुद्रांक शुल्क फक्त खरेदीवर ०.०१५ टक्के, म्हणजे ७ रुपये. एनएसईचे, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचे, व्यवहार शुल्क लाखामागे २ रुपये ९७ पैसे, ते दोन्ही बाजूंचे मिळून २ रुपये ९१ पैसे. सेबीचे शुल्क कोटीमागे १० रुपये, त्यामुळे माझ्या वाट्याला १० पैसे. मग दलाली, व्यवहार शुल्क आणि सेबीचे शुल्क या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी : ५३ रुपये ४१ पैसे. एसटीटी आणि मुद्रांक शुल्कावर जीएसटी लागत नाही, तेवढी मेहेरबानी आहे.

इथे बेरीज संपली असे वाटून मी रेघ मारली होती. नंतर दलालाकडची खातेवही, म्हणजे लेजर, पाहताना एक वेगळी ओळ सापडली. आता शेअर कागदावर नसतात, डीमॅट खात्यात नोंदीच्या रूपात असतात. ते विकले की त्या खात्यातून बाहेर जातात, आणि त्या बाहेर जाण्याचे डीपी (डिपॉझिटरी पार्टिसिपंट) चार्जेस हे कॉन्ट्रॅक्ट नोटेवर नसतातच. ते मागाहून, गुपचूप म्हणावे अशा रीतीने, लेजरमधून वळते होतात. माझ्याकडे ते २० रुपये आणि वर जीएसटी, असे २३ रुपये ६० पैसे होते. नानांनी म्हटले असते तो हातचा हाच. सगळे मिळून खर्च ४७८ रुपये ७२ पैसे, आणि पंधराशेचे राहिले १,०२१ रुपये २८ पैसे.

डीपी चार्जेसची गंमत अशी की ते रकमेवर ठरत नाहीत. एका दिवशी एका कंपनीचे शेअर विकले की एकदा लागतात. मग ते शंभर असोत की दोन. मी एकदा, निव्वळ चाळा म्हणून, ४०० रुपयांचे दोन शेअर विकले होते. ८०० रुपयांच्या विक्रीवर २३ रुपये ६० पैसे म्हणजे जवळजवळ तीन टक्के नुसत्या दारातून बाहेर पडण्याचे. तेच दोन दिवसांत एकेक करून विकले असते तर सहा टक्के गेले असते. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणारी मी, हे मला दोन वर्षे दिसले नव्हते.

या यादीतल्या प्रत्येक ओळीला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो कळला की राग जरा निवळतो किंवा वाढतो, ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे. एसटीटी १ ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. तेव्हा त्याच्याबरोबर एक गोड गोष्टही आली होती : हा कर भरलेल्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा करमुक्त झाला. देवाणघेवाण सरळ होती, उलाढालीवर थोडे द्या आणि नफ्यावरचे विसरा. मग २०१८ च्या अर्थसंकल्पात दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर परत आला. करमाफी गेली, एसटीटी मात्र घरजावयासारखा घरातच राहिला. मुद्रांक शुल्काचे प्रकरण साधे आहे. १ जुलै २०२० पूर्वी प्रत्येक राज्याचा दर निराळा असे, तेव्हापासून देशभर एकच दर झाला.

व्यवहार शुल्काची गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटली, जरी माझ्या नोटेत ते तीन रुपयांचेही नव्हते. पूर्वी शेअर बाजार दलालांकडून हे शुल्क उलाढालीच्या टप्प्यांनुसार घेत. जितकी उलाढाल मोठी तितका दर कमी. दलाल ग्राहकाकडून मात्र रोजच्या रोज वरच्या दराने वसूल करी आणि महिनाअखेरीस बाजाराला खालच्या दराने भरी. मधला फरक त्याचा. ग्राहकाच्या बिलावर ‘बाजाराचे शुल्क’ असे लिहिलेल्या ओळीतले सगळे पैसे बाजारात पोहोचतच नव्हते. सेबीने जुलै २०२४ मध्ये परिपत्रक काढले आणि ऑक्टोबरपासून सगळ्यांना एकच दर झाला. खरेदी विभागात असताना आम्ही वाहतूकदाराच्या बिलातला टोल प्रत्यक्ष पावतीशी ताडून पाहत असू, कारण नेमकी हीच खोड तिथेही असते.

यानंतर कराचा प्रश्न. आमचे सीए टिळक रस्त्यावरच बसतात, मी १,०२१ रुपये २८ पैशांचा आकडा त्यांच्यापुढे ठेवला, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, एसटीटी परत मिळवा.” मला वाटले पैसे परत मिळणार आहेत. त्यांचा अर्थ उलटा होता. भांडवली नफा काढताना दलाली, मुद्रांक, व्यवहार शुल्क, त्यांवरचा जीएसटी हे खर्च वजा करता येतात, पण एसटीटी वजा करता येत नाही. म्हणजे जे ९८ रुपये सरकारने माझ्याकडून आधीच कर म्हणून घेतले, ते करमोजणीपुरते माझ्याच खिशात आहेत असे धरायचे आणि त्यांवर पुन्हा कर भरायचा. हिशेबात मिळवण्याच्या ओळीत गेलेले पैसे लिहिण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. करपात्र नफा झाला १,११९ रुपये २८ पैसे. वर्षाच्या आत विकल्यामुळे तो अल्प मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर १५ वरून २० टक्के झाला आहे, वर ४ टक्के उपकर. कर २३२ रुपये ८१ पैसे.

उरले ७८८ रुपये ४७ पैसे.

आकडा वहीत मांडून मी थोडा वेळ नुसती पाहत बसले. पंधराशेतले निम्म्याहून जरा जास्त माझे होते, बाकीचे वाटेत उतरले होते. त्यातले सगळ्यांत जास्त सरकारकडे वेगवेगळ्या नावांनी उतरले, मग दलालाकडे, आणि बाजार, डिपॉझिटरी, सेबी यांच्याकडे किरकोळ. उलटही करून पाहिले : ४८२ ला घेतलेला शेअर निदान कितीला विकला असता तर मुद्दल सुटले असते? उत्तर ४८६ रुपये ७५ पैशांच्या आसपास आले. म्हणजे घेतल्या क्षणी मी पावणेपाच रुपये खाली होते, आणि भाव ४८५ झाला तेव्हा मी ऑफिसात कोणाला तरी ‘तीनशे सुटले’ असे सांगितले होते, ते साफ खोटे होते.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, हिंजवडीत नोकरी करतो आणि कोथरूडला राहतो. त्याने वही पाहिली आणि हसला. “आत्या, तू अजून दलाली देतेस?” त्याचा दलाल डिलिव्हरीवर दलालीच घेत नाही. माझाच व्यवहार त्याच्या दरांनी त्याने पुन्हा मांडून दाखवला, तर खर्च ४७८ वरून १२४ रुपयांच्या आत आला. हे मान्य करावेच लागले; फोन उचलणाऱ्या आणि नावाने हाक मारणाऱ्या माणसासाठी मी एका व्यवहाराला साडेतीनशे रुपये मोजत होते, आणि चार महिन्यांत त्याला फोन एकदाही केला नव्हता.

पण त्याच्या हिशेबालाही हातचा होताच, फक्त निराळ्या जागी. तो सकाळी घेऊन दुपारच्या आत विकतो, इंट्राडे. त्या महिन्यात त्याने साठ व्यवहार केले होते, बहुतेक पन्नास हजारांच्या आसपासचे, आणि पडद्यावर एकूण २,९०० रुपये नफा दिसत होता. मी म्हटले, एकच घेऊ. ५०० ला १०० शेअर घेतले, ५०१ ला विकले, शंभर रुपये सुटले. इंट्राडेला त्याचा दलाल प्रत्येक ऑर्डरला २० रुपये किंवा ०.०३ टक्के, जे कमी असेल ते घेतो. दोन्ही बाजूंचे ३० रुपये ३ पैसे. एसटीटी इथे फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के, १३ रुपये. व्यवहार शुल्क २ रुपये ९७ पैसे, मुद्रांक दीड रुपया, सेबीचे १० पैसे, जीएसटी ५ रुपये ९६ पैसे. शंभरातून ५३ रुपये ५६ पैसे गेले. शेअर विकून डीमॅटमधून बाहेर जात नसल्यामुळे डीपी चार्जेस नाहीत, एवढेच सुख. म्हणजे पाचशे रुपयांचा शेअर ५४ पैशांनी वर सरकला की मुद्दल, त्यापुढे कमाई. असे साठ व्यवहार म्हणजे ३,२०० रुपयांहून अधिक खर्च. २,९०० कमावलेला मुलगा प्रत्यक्षात तीनशे रुपयांनी आत होता.

तो गप्प झाला. मग म्हणाला की भावाचा अंदाज तर बरोबर येत होता. तेही खरेच होते. साठपैकी किती वेळा तो बरोबर होता हे त्याने मला मोजून दाखवले, आणि चाळीस वेळा बरोबर असलेला माणूस तोट्यात कसा, याचे त्याला मनापासून आश्चर्य वाटत होते. सेबीने जुलै २०२४ मध्ये रोख बाजारातल्या इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०२२-२३ या वर्षी असे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला, असे आढळले आहे. माझे लक्ष दुसऱ्या आकड्याने वेधले. तोट्यात गेलेल्यांनी त्या तोट्याच्या ५७ टक्के एवढी आणखी रक्कम व्यवहारखर्चात घातली होती, आणि नफ्यात असलेल्यांचा खर्च त्यांच्या नफ्याच्या १९ टक्के होता. हरणारा माणूस अधिक वेळा खेळतो आणि प्रत्येक खेपेला तिकीट काढतो, असा त्याचा अर्थ मी लावते.

कराच्या बाबतीत भाच्याची आणि माझी पंगतच वेगळी आहे. इंट्राडेचे उत्पन्न भांडवली नफा धरत नाहीत, तो सट्ट्याचा धंदा मानतात. धंदा म्हटल्यावर त्याला एसटीटी खर्च म्हणून वजा मिळतो, जो मला मिळत नाही. मात्र त्याचा तोटा फक्त तशाच सट्ट्याच्या नफ्यातून वळता होतो आणि पुढे चारच वर्षे ओढता येतो. माझा अल्प मुदतीचा तोटा झाला असता तर तो कोणत्याही भांडवली नफ्यातून वळता झाला असता आणि आठ वर्षे पुढे नेता आला असता. तोट्यालाही पदर असतो, ही गोष्ट नफा मोजताना कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यासाठी मुदतीत विवरणपत्र भरावे लागते, हे सीएंनी दोनदा बजावले.

मग मी एक चूक केली, की शहाणपणा, ते अजून ठरलेले नाही. मी विचार केला, हेच ४८,२०० रुपये चार महिने बँकेत ठेवले असते तर? सहा टक्क्यांनी व्याज ९६४ रुपये झाले असते. मी २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, तेव्हा उपकरासह कर जाऊन ७६३ रुपये ४९ पैसे. शेअरचे ७८८ रुपये ४७ पैसे. फरक २४ रुपये ९८ पैसे. अमृततुल्यातले दोन चहा. त्या दोन चहांसाठी मी चार महिने सिंहगड रस्त्याच्या कोंडीत फोन काढून भाव पाहत होते, जानेवारीत तो ४५१ पर्यंत घसरला तेव्हा दोन रात्री नीट झोपले नव्हते. ही झोप कुठल्या रकान्यात लिहावी? नानांच्या सात रकान्यांत तिला जागा नव्हती, आणि मलाही ती काढायची नाही, कारण एकदा तसे सुरू केले की मोजणीला अंत राहणार नाही.

हिशेब कुठे थांबवायचा हे आपणच ठरवायचे असते, हे मला खरेदी विभागात माहीत होते. डीमॅट खात्याचे वार्षिक शुल्क माझ्याकडे जीएसटीसह ३५४ रुपये आहे. वर्षात माझ्या अकरा विक्री झाल्या, तेव्हा प्रत्येकीवर ३२ रुपये १८ पैसे टाकावेत की टाकू नयेत? कारखान्यात वीज, पहारेकरी आणि कँटीन यांचा खर्च कोणत्या मालावर किती घालायचा यावरून दरवर्षी भांडणे होत, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या मालावर कमी खर्च पडे. मी ते शुल्क या व्यवहारावर टाकले नाही. ते खाते मी नानांच्या शेअरसाठी उघडले होते, ते असेही चालूच राहिले असते, अशी मी माझी समजूत घातली. आवाज माझाच होता, त्यामुळे विरोध झाला नाही.

नानांच्या शेअरवरून आठवले. ते २०१६ साली गेले. त्यांच्या एका अभियांत्रिकी कंपनीचे ६० शेअर माझ्या नावावर आले, आणि पुढे २०२३ मध्ये मी त्याच कंपनीचे आणखी ४० घेतले. गेल्या वर्षी त्यातले ३० मी ६५५ रुपयांनी विकले. ॲपवर सरासरी किमतीच्या आधाराने एक नफा दिसत होता. पण ॲपला नानांची खरेदी ठाऊकच नव्हती, आणि डीमॅटमधले शेअर विकले की जे आधी आले ते आधी गेले, असे धरायचे असते. म्हणजे गेले ते नानांचे. त्यांच्या वहीत १९९४ च्या पानावर भाव होता : ६२ रुपये, पुढे दलाली, पुढे तिकिटे. त्या भावाने ३० शेअरवर १७,७९० रुपये सुटले. करासाठी मात्र तिसरेच गणित. २०१८ मध्ये कर परत आणताना सरकारने आधीचा वाढावा सोडून दिला; १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरला ३१ जानेवारी २०१८ चा त्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव, विक्रीच्या भावाहून तो जास्त नसेल तर, खरेदीभाव म्हणून धरता येतो. तो ४१० होता. तेव्हा करापुरता नफा ७,३५० रुपये, आणि दीर्घ मुदतीच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नसल्यामुळे देणे शून्य.

एकाच विक्रीची तीन उत्तरे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. चौथेही आहे : मी स्वतः त्या शेअरपायी एक पैसाही मोजला नव्हता, तेव्हा आलेले १९,६५० रुपये सगळेच हाती आले म्हणावे काय? माझ्या हातून तो रकाना भरला गेला नाही. तिथे मी नानांनी दिलेला भाव आणि तारीख लिहिली आणि पुढची जागा कोरी ठेवली.

हातचा दर वेळी आपल्यावरच उलटतो असे मात्र नाही. माझ्याकडच्या एका सरकारी कंपनीच्या शेअरवर ॲप गेली पाच वर्षे लाल आकडा दाखवीत आहे. परवा पाहिले तेव्हा २,१०० रुपये तोटा होता. लाभांश थेट बँक खात्यात जमा होतो आणि ॲपच्या त्या आकड्यात तो कुठेच येत नाही. मी पाच वर्षांची पासबुके काढून बेरीज केली, तर ६,४०० रुपये आले होते. २०२० पासून लाभांशावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो, तो वजा केला तरी मी त्या शेअरमध्ये नफ्यातच आहे. किती वेळा तो वैतागून विकायला निघाले होते, ते आठवून मलाच ओशाळल्यासारखे झाले.

आता मी प्रत्येक विक्रीनंतर वही भरते. करापर्यंतचे रकाने शाईने आणि ‘हाती’ चा रकाना पेन्सिलने, कारण वर्षअखेरीस एखाद्या तोट्याशी तो वळता झाला तर आकडा बदलतो. भाच्याने हे सारे एक्सेलमध्ये बसवून दिले आहे, दर टाकले की उत्तर आपोआप येते. पण मुद्रांक शुल्क पूर्ण रुपयात करण्याची खोच त्याच्या सूत्रात बसत नाही आणि दर खेपेला काही पैशांचा फरक येतो, म्हणून मी अजून हातानेच करते. दलालही बदलला. जुन्या दलालाने मात्र तेव्हा फोन केला, चार महिन्यांत पहिल्यांदाच.

गुढीपाडव्याच्या सकाळी आईने वही पाहायला मागितली. नानांच्या पानांवरून हात फिरवीत ती माझ्या पानावर आली, भिंगाने शेवटचा रकाना वाचला आणि म्हणाली, “हे काय, सातशे अठ्ठ्याऐंशीच? तू तर पंधराशे म्हणाली होतीस.” मी तिला सगळे सांगितले, दलाली, एसटीटी, लेजरमधली ती ओळ, कर. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग भिंग खाली ठेवून तिने मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली आणि विचारले, “म्हणजे त्या दिवशीची थाळी जाता एकशे अठ्ठेचाळीस?”

रिक्षाचे पैसे मी तिला सांगितले नाहीत.